थंडीतली गॅलरी: ठाणे-नवी मुंबईत पहिल्यांदाच बाग करणाऱ्यांसाठी

ठाण्यात किंवा नवी मुंबईत कुंड्यांची बाग सुरू करायची खरी वेळ दसऱ्याची. बहुतेक लोक जूनमध्ये पहिला पाऊस पडला की हौसेने रोपं आणतात, जुलैत ती कुजतात आणि ऑगस्टमध्ये रिकाम्या कुंड्या एकात एक घालून कोपऱ्यात जातात. मग 'आमच्या हाताला झाडं लागत नाहीत' असं म्हणायला सगळे मोकळे. हाताचा काही संबंध नसतो, महिना चुकलेला असतो.

हवामान विभागाच्या हिशेबाने मुंबई परिसरातून मोसमी पाऊस साधारण ८ ऑक्टोबरला माघारी फिरतो. पुढचे दोन-तीन आठवडे ऑक्टोबर हीट. नोव्हेंबरच्या मध्यापासून रात्री गार व्हायला लागतात आणि फेब्रुवारी संपता संपता ऊन परत चटके देतं. मधले शंभर-एक दिवस, दुपारी तीस-बत्तीस अंश आणि पहाटे सतरा-अठरा, हीच आपली थंडी. पालेभाज्या, टोमॅटो, शेवंती, पिटुनिया, गुलाब या सगळ्यांना हेच दिवस मानवतात.

गोंधळ होतो तो दुसऱ्यांची थंडी उसनी आणल्यामुळे. बर्फाच्या देशात बागवाला डिसेंबरात खिडकीआड बसतो, बियाण्यांचे कॅटलॉग चाळतो, काचेच्या आत रोपं वाढवतो आणि दव गोठायचे दिवस सरायची वाट बघतो. मोबाइलवर दिसणारे निम्मे व्हिडिओ त्याचे असतात, उरलेले दिल्ली-लखनौकडचे. 'आत्ता बाहेर काही लावू नका' हा त्यांचा सल्ला त्यांच्याकडे अगदी बरोबर आहे. आपल्याकडे तो पाळला तर मोसम हातचा जातो. दारं-खिडक्या लावून आत बसायचा आणि पुढचे बेत करायचा आपला महिना म्हणजे मे.

१. आधी ऊन बघा, कुंड्या नंतर

नर्सरीत जाण्याआधी एका रविवारी घरी थांबा. गॅलरीत ऊन कुठे पडतं ते सकाळी नऊ, दुपारी साडेबारा आणि तीन वाजता खडूने फरशीवर आखून ठेवा. साडेबारा अशासाठी की आपल्याकडे सूर्य सर्वांत वर येतो तो घड्याळातले बारा वाजून गेल्यावर, अर्ध्या तासाने.

आता यातली मेख. ऑक्टोबरात आखलेली रेघ डिसेंबरात लागू पडत नाही. ठाणं साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४७ अंश वर असतो, म्हणजे दक्षिणेकडे चांगलाच कललेला. याचे दोन परिणाम होतात. दक्षिणेकडच्या गॅलरीत ऊन सात-आठ फूट आत येतं, पार हॉलच्या सोफ्यापर्यंत. उलट समोर दक्षिणेला टॉवर असेल तर त्याची दुपारची सावली ऑक्टोबरच्या सुरुवातीला जेवढी असते त्याच्या दुपटीला पोचते. वीस मजली इमारत साठ मीटर उंच धरली तर डिसेंबरातल्या दुपारी तिची सावली पंचावन्न मीटर लांब पडते. घोडबंदर रोडवर किंवा खारघरमध्ये दोन टॉवरमधलं अंतर कित्येकदा तेवढंही नसतं. तेव्हा आज ऊन आहे म्हणून खूष होऊ नका. दक्षिणेला मान वर करून बघा, आकाश किती मोकळं आहे ते.

दिशांचा हिशेब असा:

दक्षिण: थंडीतली राणी. टोमॅटो, शेवंती, गुलाब, झेंडू, वाल, काहीही लावा. गंमत म्हणजे हीच गॅलरी मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत उन्हाला पारखी होते, कारण त्या दिवसांत भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेकडे सरकलेला असतो. त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीला 'इथे ऊनच येत नाही' म्हणून जूनमध्ये नाकारलं असेल, तर तिचा खटला पुन्हा चालवा.

पूर्व: सकाळचं कोवळं ऊन. मेथी, पालक, कोथिंबीर, पिटुनिया, डायंथस.

पश्चिम: जानेवारीपर्यंत छान, फेब्रुवारीत तापते. लवकर तयार होणारं पीकच इथे घ्या.

उत्तर: थंडीत थेट ऊन शून्य. इथे फुलांचा हट्ट धरू नका. मनीप्लांट, फर्न, स्नेक प्लांट ठेवा आणि बाकीची हौस मुद्दा ८ मध्ये सांगितल्याप्रमाणे घरात भागवा.

पालेभाजीला रोज तीन-चार तास थेट ऊन लागतं, फुलाफळाला पाच-सहा. यात तडजोड होत नाही. खत दुप्पट घालून उन्हाची भरपाई होत नाही, उलट पानं माजतात आणि मावा, म्हणजे कोवळ्या पानांचा रस शोषणारे बारीक किडे, पडतो.

२. सोसायटी आणि कागद

स्वतःच्या गॅलरीत कुंड्या ठेवायला कोणाला विचारावं लागत नाही, पण चार गोष्टी आधी करून घ्या, म्हणजे पुढे वार्षिक सभेत तुमच्या नावाचा विषय निघणार नाही.

गच्ची वापरायची असेल तर ती सामायिक जागा असते. सेक्रेटरींच्या नावे अर्ज द्या: कोणत्या कोपऱ्यात, किती कुंड्या, पाणी कुठून घेणार, निचरा कुठे जाणार. सोबत साधा नकाशा आणि 'गळती झाल्यास दुरुस्ती माझ्याकडे' असं हमीपत्र जोडा. समितीचं उत्तर लेखी मागा. 'ठेवा हो, कोण विचारतंय' हे तोंडी उत्तर समिती बदलली की बदलतं. भाड्याच्या घरात राहत असाल तर मालकाचा होकार निदान मेसेजवर तरी असू द्या.

ग्रिलच्या बाहेर आणि कठड्यावर कुंडी ठेवायची नाही. कोणाचं ऐकू नका. दहाव्या मजल्यावरून पडलेली कुंडी जीव घेते.

वजनाचाही विचार करा. बारा इंची कुंडीत साधारण पंधरा लिटर माती मावते. निव्वळ लाल माती भरून पाणी घातलं की ती पंचवीस किलोपर्यंत जाते. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळलेली असेल तर बरीच हलकी राहते.

३. सामान

जमवायचं ते एवढंच:

– दहा आणि बारा इंची कुंड्या किंवा ग्रो बॅग, तळाला भोकं असलेल्या. पालेभाजीला सहा-आठ इंच खोल पसरट टब पुरतो.
– रोपांसाठी ट्रे. नसेल तर दह्याचे रिकामे डबे, तळाला खिळा तापवून भोकं पाडून.
– खुरपं, बारीक भोकांची झारी, जुनी कात्री, सुतळी, बांबूच्या काड्या.
– फवारणीची बाटली, निंबोळी तेल.
– कुंडीखालच्या बशा आणि त्यांत भरायला वाळू. बशीत पाणी साचलं की डास आलेच. महापालिकेचे लोक घरोघरी अळ्या तपासायला येतात तेव्हा सगळ्यात आधी याच बशा उचलून बघतात.
– एक वही. कोणत्या तारखेला काय पेरलं ते लिहायला. मोबाइलमध्ये लिहिलेलं कोणी परत बघत नाही.

ऑनलाइन मिळणारा 'संपूर्ण गार्डनिंग किट' घेऊ नका. त्यातलं खुरपं पहिल्या ढेकळालाच वाकतं.

४. माती: इथे वेळ घालवा

नर्सरीत मिळणारी लाल माती आपल्या कोकणातलीच. जमिनीत ती उत्तम, कुंडीत एकटी असली की विटेसारखी बसते. वरून पाणी घातलं की कडेने वाहून बशीत येतं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. आपल्याला वाटतं, पाणी तर भरपूर घातलं.

मिश्रण असं करा: चार भाग माती, तीन भाग कोकोपीट, तीन भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि बारा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. मुठीत घेऊन दाबलं की गोळा व्हायला हवा आणि बोटाने टोचलं की भुगा. गोळा झाला नाही तर माती वाढवा, भुगा झाला नाही तर कोकोपीट.

कोकोपीटची पाच किलोची वीट भिजली की फुगून साठ-सत्तर लिटर होते, हे बादली निवडण्याआधी लक्षात घ्या. ती दोन-तीनदा पाण्यात भिजवून पिळून घ्यायची, कारण तिच्यात क्षार असतात. हे काम बाथरूममध्ये करत असाल तर नहाणीच्या जाळीवर जुनं कापड टाका. कोकोपीटचे तंतू एकदा पाइपात गेले की प्लंबर बोलवावा लागतो आणि खालच्या मजल्यावरून फोन येतो.

शेणखत घेताना मूठभर हातात घेऊन नाकाशी न्या. पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास आला तर कुजलेलं. शेणाचा वास आला, किंवा आत हात घातल्यावर ऊब लागली, तर कच्चं. कच्चं खत मुळं जाळतं, शिवाय त्यातून हुमणीच्या पांढऱ्या, वाकड्या अळ्या फुकट मिळतात. तुमची सोसायटी मोठी असेल तर आधी सेक्रेटरींना विचारा. घनकचरा नियमांमुळे मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायचा असतो, आणि तयार झालेल्या खताला पुष्कळदा घेणाराच नसतो.

गेल्या वर्षीच्या कुंड्यांतली जुनी माती फेकू नका. ऑक्टोबर हीटचा एवढा एक उपयोग आहे: माती ताडपत्रीवर पातळ पसरा, मुळं-किडे निवडून काढा, आठवडाभर कडक उन्हात वाळू द्या. मग नवं खत मिसळून वापरा.

५. काय आणि कधी: सणांच्या हिशेबाने

बियाण्याच्या पाकिटावर जो महिना छापलेला असतो तो साऱ्या देशासाठी एकच असतो. पाकिटावर त्यापेक्षा कामाच्या तीन गोष्टी असतात: तपासणीची तारीख, वैधता आणि उगवणीची टक्केवारी. वैधता संपलेलं पाकीट अर्ध्या किमतीत मिळत असेल तरी सोडा.

*नवरात्र ते दसरा.* टोमॅटो, मिरची, वांगी, झेंडू यांचं बी ट्रेमध्ये टाका. मिश्रण कोकोपीट दोन भाग, गांडूळखत एक भाग. बी जेवढं जाड तेवढंच खोल, त्याहून नाही. उगवेपर्यंत सावलीत, उगवल्यावर लगेच उन्हात, नाहीतर रोपं दोऱ्यासारखी लांबतात. टोमॅटोला आपल्या थंडीची गरज का, तर रात्री पंधरा-वीस अंशांच्या दरम्यान असल्या की फळ चांगलं धरतं. रात्री गरम असल्या की फुलं गळतात. मार्चमध्ये लावलेला टोमॅटो नुसती फुलं दाखवतो तो यामुळे.

वालाचं किंवा पावट्याचं बी याच दिवसांत थेट मोठ्या कुंडीत टोका आणि वेल ग्रिलवर चढवा. गावठी वेल दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाहीत, त्यामुळे उन्हाळ्यात लावून नुसता पाला वाढवण्यात अर्थ नाही. जागा कमी असेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण भूषण' ही जात विचारून बघा.

गुलाब असतील तर छाटणी आत्ताच. पाऊस पूर्ण थांबल्याची खात्री झाली की वाळक्या, आत वळलेल्या, काडीसारख्या बारीक फांद्या काढा. उरलेल्या, बाहेरच्या बाजूला असलेल्या डोळ्याच्या (जिथून नवा कोंब फुटतो त्या जागेच्या) पाव इंच वर, तिरक्या कापा. कलमाच्या गाठीखालून आलेला जोमदार फुटवा दिसला की हरखून जाऊ नका. तो जंगली खुंटाचा असतो, मुळापासून काढा. छाटणीनंतर दीड महिन्याने फुलं येतात.

*दिवाळी.* ट्रेमधली रोपं बोटभर झालेली असतात. संध्याकाळी मोठ्या कुंडीत हलवा, एका बारा इंची कुंडीत टोमॅटोचं एकच. दोन लावली की दोन्ही रडतात. मेथी, पालक, मुळा, गाजर पेरायला घ्या. मेथी रात्रभर भिजवा. तीन-चार दिवसांत वर येते आणि महिन्याच्या आत काढायला तयार. मुळ्याला दहा-बारा इंच खोली हवी, दीड महिन्यात होतो. गाजराला जवळजवळ तीन महिने लागतात, आणि विलायती नारिंगी जातींना आपली थंडी पुरत नाही, म्हणून 'पुसा केसर'सारखी देशी लाल जात घ्या. फ्लॉवर-कोबीचा नाद पहिल्या वर्षी करू नका. एका गड्ड्यासाठी एक कुंडी तीन महिने अडते आणि शेवटी अळ्याच जेवतात.

*तुळशीच्या लग्नापासून मार्गशीर्षभर.* आता कोथिंबीर. दिवाळीआधी पेरलेली कोथिंबीर उकाड्याने लगेच फुलावर जाते, म्हणून जरा दम धरा. धणे लाटण्याने हलके रगडून दोन फाका करा, प्रत्येक फाकेत एक बी असतं. पीठ करायचं नाही. रात्रभर भिजवून पेरा आणि मग आठ-दहा दिवस कुंडीकडे संशयाने बघू नका, तिला तेवढा वेळ लागतोच. मेथी आणि कोथिंबीर एकाच दिवशी सगळ्या टबांत पेरू नका. दर दहा-बारा दिवसांनी एक टब, म्हणजे होळीपर्यंत कात्री चालू राहते.

लसणाच्या बारीक पाकळ्या, ज्या सोलायचा कंटाळा येतो त्या, टोक वर करून टोचून ठेवा. तीनेक आठवड्यांत पात. ओल्या लसणाची चटणी आणि गरम भाकरी यांच्यापुढे टोमॅटोचं कौतुक मला फिकं वाटतं, पण हा ज्याच्या त्याच्या जिभेचा प्रश्न.

ग्लॅडिओलसचे कंदही नोव्हेंबरात लावा. अडीच-तीन महिन्यांत दांडा येतो, काडीचा आधार मात्र आधीच द्या.

*भोगी.* सगळं नीट जमलं तर जानेवारीच्या १३ तारखेच्या आसपास भोगीच्या भाजीत घालायला घरचा पावटा, घरचं वांगं, एखादं गाजर निघेल. पूर्ण भाजी गॅलरीतून निघेल ही अपेक्षा ठेवू नका. बाजारातल्या भाजीत मूठभर घरची मिसळायची आणि पाहुण्यांना मात्र ठणकावून सांगायचं.

६. शेवंती, पिटुनिया आणि नर्सरीतले सापळे

बारीक बियांची फुलं, म्हणजे पिटुनिया वगैरे, नवख्यांनी बियांपासून करू नयेत. तयार रोपं आणा. घोडबंदर रोडला नर्सऱ्यांची रांग आहे, नवी मुंबईतही नोडागणिक एखाद-दोन सापडतात. दिवाळीनंतर जा, त्याआधी येणारी मोसमी रोपं उकाड्यात माना टाकतात. आणि शनिवार-रविवार टाळा.

फुलांनी डवरलेलं रोप घ्यायचं नाही. तो नर्सरीतल्या खताचा जोर असतो, घरी आलं की आठवड्यात उतरतो. कळ्या भरपूर, उघडलेली फुलं दोन-तीन, बुंध्यातून फुटवे निघालेले, असं रोप निवडा. पान उलटून बघा. कुंडी किंचित वर उचलून तळ बघा: मुळांचं जाळं बाहेर आलं असेल तर रोप तिथे फार दिवस पडून आहे. पिशवीतली माती चिकट, काळी आणि दगडासारखी घट्ट असेल तर घरी आल्यावर बादलीत पिशवीसकट बुडवा, बुडबुडे थांबले की काढा, बाहेरची माती बोटांनी हळूच सैल करा आणि मग लावा. तशीच चिकट ढेकळासकट आपल्या भुसभुशीत मिश्रणात ठेवली तर मुळं ढेकळाबाहेर येतच नाहीत.

शेवंतीची एक गोष्ट फार थोडे नर्सरीवाले सांगतात. तिला कळ्या येतात त्या रात्र मोठी झाली की, आणि रात्र म्हणजे खरोखरचा अंधार. आमच्या मजल्यावरच्या एका काकूंची शेवंती हिरवीगार वाढत होती, पण जानेवारी उजाडला तरी कळीचा पत्ता नव्हता. कुंडी गॅलरीतल्या ट्यूबलाइटच्या बरोबर खाली होती आणि ती ट्यूब मध्यरात्रीपर्यंत जळायची. शेजारच्या बंद खोलीच्या खिडकीत हलवली, काही आठवड्यांत कळ्या दिसल्या. लाल पानांचं पॉइनसेटियाही याच जातकुळीतलं. रस्त्यावरच्या दिव्याचा झोत गॅलरीत येत असेल तर या दोघांसाठी आडोसा शोधा.

पिटुनिया, झेंडू, डायंथस यांची सुकलेली फुलं रोजच्या रोज खुडा. बी धरू दिलं की झाड आपलं काम झालं असं समजतं.

७. पाणी आणि धूळ

थंडीत बहुतेक झाडं मरतात ती जास्त पाण्याने. बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर आज सुट्टी. पाणी सकाळी, मुळाशी. संध्याकाळी पानं भिजवली की रात्रभर ओली राहतात आणि बुरशीचे रोग पडतात.

टोमॅटोला मात्र पाण्यात नियमितपणा लागतो. चार दिवस कोरडं आणि पाचव्या दिवशी लोटा भरभरून, असं केलं की फळं तडकतात किंवा त्यांचा तळ काळा पडतो. मातीवर वाळक्या पानांचा किंवा नारळाच्या शेंड्यांचा दोन बोटं थर द्या, ओल टिकते. आणि फुलं आली की सकाळी दहाच्या सुमारास गुच्छाच्या देठावर बोटाने टिचकी मारा. नीट बघितलं तर पिवळी पूड उडताना दिसते. वरच्या मजल्यांवर मधमाश्या बेताच्या, वारा नसेल तर हे काम आपल्यालाच करावं लागतं.

धूळ हा आपल्याकडचा खास विषय. थंडीत हवा खाली दबून राहते आणि जिकडे तिकडे इमारती आणि रस्त्यांची कामं. पानावरून बोट फिरवा, राखाडी रेघ उठते. अशा पानाला ऊन मिळूनही न मिळाल्यासारखं. आठवड्यातून एकदा सकाळी बारीक फवाऱ्याने पानं दोन्ही बाजूंनी धुवा, दुपारपर्यंत वाळू द्या. याने पानांचा रस शोषणारा बारीक लाल कोळीही आटोक्यात राहतो.

८. घराच्या आत

उत्तरेची गॅलरी असणाऱ्यांनी इथे लक्ष द्या. खिडकीतल्या ताटात मेथी, मोहरी किंवा मुगाचे कोवळे कोंब आठ-दहा दिवसांत कापायला येतात. ताटात बोटभर ओलं कोकोपीट, वर भिजवलेलं बी दाट पसरा, दोन दिवस झाका, मग खिडकीशी ठेवा. थालीपिठावर किंवा कोशिंबिरीत छान लागतात. यासाठी बी स्वयंपाकघरातलं घ्या. शेतीच्या पाकिटातल्या गुलाबी किंवा निळसर बियांवर बुरशीनाशक चोळलेलं असतं, ते कोंब खायचे नाहीत.

आता ट्यूलिप आणि हायसिंथ, कारण दर थंडीत कोणीतरी विचारतंच. या कंदांना फुलण्याआधी बारा-एक आठवडे गारठा लागतो. श्रीनगरला तो जमिनीतच मिळतो, म्हणून तिथली ट्यूलिप बाग मार्चअखेर फुलते. ठाण्यात तो फ्रिजमध्येच द्यावा लागतो: कागदी पिशवीत, भाजीच्या कप्प्यात, आणि सफरचंद-केळी दुसरीकडे, कारण पिकणाऱ्या फळांतून निघणारा वायू आतली कळी मारतो. नोव्हेंबरात ठेवले तर फेब्रुवारीत कुंडीत. तोवर बाहेर उकडायला लागलेलं असतं, म्हणून आधीच गारवा दिलेले कंद मिळाले तरच हा खेळ खेळा, आणि कुंडी घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवा. पुढच्या वर्षी तोच कंद पुन्हा फुलेल ही आशा सोडा. फुलदाणीतल्या गुच्छापेक्षा जास्त दिवस टिकणारी चैन, एवढंच त्याचं मोल. नर्गिसच्या पांढऱ्या गुच्छांच्या जातींना मात्र गारठा लागत नाही. काचेच्या बशीत खडे, कंदाचा तळ जेमतेम टेकेल एवढं पाणी, बस.

परदेशातून येणाऱ्या भावाला 'येताना कंद आण' असं सांगू नका. रोपं, बिया, कंद देशात आणायला २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि तिथल्या सरकारचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. विमानतळावर पिशवी काढून घेतली तर तक्रार करायला जागा नाही.

घरातल्या मनीप्लांट वगैरेंचं पाणी थंडीत निम्म्यावर आणा आणि खत बंद ठेवा. त्यांना एवढंच हवं असतं.

९. मावा, पिठ्या आणि कबुतरं

मावा शेवंतीच्या शेंड्यावर आणि वालाच्या कोवळ्या टोकांवर बसतो. थोडा असेल तर पाण्याच्या धारेने उडवा. जास्त असेल तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि भांडी घासायच्या द्रवाचे काही थेंब, नीट घुसळून, संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. आठवड्याने पुन्हा. एका फवारणीत काहीच होत नाही. पिठ्या ढेकूण कापसासारखा दिसतो, तो स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बोळ्याने पुसून काढा. पानांवर पांढरी पावडर दिसली तर ती भुरी: ती पानं तोडा, कुंड्या एकमेकींपासून लांब करा, आणि गरज पडली तर पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला दोन ग्रॅम, ऊन उतरल्यावर.

कबुतरं या सगळ्यांहून वाईट. पेरलेली मेथी सकाळी वेचून खातात, कोवळी रोपं उपटून त्या जागी बसतात. पेरलेल्या टबावर पहिले दहा दिवस जुनी मच्छरदाणी ताणून बांधा. मोठ्या कुंडीत कबाबाच्या काड्या टोक वर करून चार-पाच बोटांच्या अंतराने रोवा. चकचकीत सीडी लटकवण्याचा उपाय दोन दिवस चालतो, तिसऱ्या दिवशी कबुतर तिच्यात आपला चेहरा बघत बसतं.

शिंजीर, म्हणजे बाकदार चोचीचा तो चिमुकला पक्षी, आला तर त्याला येऊ द्या. तो फुलांतला मध खातो, शिवाय पिलांसाठी किडे आणि कोळी टिपतो.

१०. फेब्रुवारीत काय

रथसप्तमीनंतर उन्हाची धार वाढते. पिटुनिया आणि पालेभाज्या दुपारी मलूल दिसायला लागल्या की हिरवी शेडनेट बांधा किंवा कुंड्या भिंतीकडे ओढा. यानंतर मेथी-पालक पेरू नका. रिकाम्या होणाऱ्या कुंड्यांत भेंडी, गवार, चवळी टोका, त्यांना उकाडा आवडतो.

याच दिवसांत ठाणे महापालिकेचं वृक्षवल्ली प्रदर्शन आणि भायखळ्याच्या राणीबागेतलं पुष्पप्रदर्शन भरतं. तारखा दर वर्षी बदलतात, वर्तमानपत्रावर लक्ष ठेवा. फुलं बघायला सगळेच जातात. तुम्ही स्पर्धेतल्या कुंड्यांचा आकार, माती आणि दिलेले आधार बघा, आणि बाहेरच्या स्टॉलवर रोपं घ्यायचा मोह आवरा, कारण मोसमी फुलांचे दिवस भरत आलेले असतात. तिथून घ्यायचंच तर बारमाही काहीतरी घ्या: सोनचाफ्याचं कलम, कढीपत्ता, लिंबू.

झेंडूची चांगली वाळलेली फुलं आणि वालाच्या दोन-तीन कडकडीत शेंगा कागदाच्या पाकिटात ठेवा, वर नाव आणि तारीख लिहा. प्लॅस्टिकची पिशवी नको, पावसाळ्यात आत बुरशी येते. संकरित जातींचं बी मात्र ठेवू नका, पुढच्या पिढीत तेच झाड येत नाही. शेवंती फुलून गेल्यावर फेकायची नाही: जमिनीपासून चार बोटं ठेवून कापा, बुंध्यातून येणारी पिलं मुळासकट वेगळी करून लहान कुंड्यांत लावा, आणि पावसाळाभर वळचणीला, जिथे धार पडत नाही अशा जागी, ठेवा.